जुन्या गिऱ्हाइकाचा दर

पहिली दोन वर्षं त्या कंपनीनं आमचे जावयासारखे लाड केले. स्वस्त दर, गोड बोलणं, सणासुदीला शुभेच्छांचे मेल. तिसऱ्या वर्षी बिल आलं ते थेट तिप्पट. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं चुकून आमच्याकडे आलंय.

बोईसरच्या एमआयडीसीत आमचा छोटा गाळा आहे. आम्ही गॅस्केट कापतो, म्हणजे दोन पाइपांच्या जोडात बसणाऱ्या चकत्या. केमिकल कंपन्यांना त्या सतत लागतात. नवरा मशीनवर, मी टेबलावर. आमची वेबसाइट आणि गाळ्याच्या नावाचा मेल ज्या भाड्याच्या जागेवर चालतो तिला होस्टिंग म्हणतात, आणि हे बिल त्या जागेचं भाडं. मी फोन लावला.

"मॅम, आधीचा रेट नवीन कस्टमरसाठी होता," तिकडची मुलगी म्हणाली.

"आणि जुन्यांसाठी?"

"हाच, मॅम."

माझं डोकंच सणकलं. माझं माहेर शिरगावचं. आई मासळीची टोपली घेऊन पालघरच्या बाजारात बसायची. नव्या बाईशी दरावरून कचाकचा भांडायची, पण नेहमीची बाई आली की तिच्या वाट्यावर न मागता दोन बोंबील जास्त टाकायची. लहानपणी मी एकदा विचारलं, कशाला फुकट देतेस? "ती रोज माज्याकडंच येते. तिला नाय देनार तं कोनाला देनार?" एवढं बोलून ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली होती.

इथं सगळंच उलटं. जो टिकला त्यालाच पिळायचं, आणि तो कंटाळला तरी उठून जाणार नाही हे धरून चालायचं. मी उठायचं ठरवलं.

"भरून टाक ना," नवरा म्हणाला. "तो रविवार इसरलीस काय?"

विसरले नव्हते. या कंपनीत आम्ही आलो तेव्हाची गोष्ट. आमची साइट बनवणाऱ्या मुंबईच्या माणसानं रविवार बघून परस्पर सगळं इकडून तिकडे हलवलं. रविवारी कोण मेल बघतंय, असा त्याचा हिशेब. पण आमच्या एमआयडीसीत सुट्टी शुक्रवारची. रविवारी सगळी मशिनं चालू असतात. नेमका त्या दिवशी आमच्या एका जुन्या पार्टीच्या मेंटेनन्सवाल्याचा पंप गळायला लागला. त्यानं माप मेल केलं, मेल परत गेला, आणि त्यानं माल शेजारच्या गाळ्यातून उचलला. आठवड्याभरानं तो आमच्याकडेच परत आला, काही बोलला नाही. नवऱ्याच्या मनातून मात्र तो रविवार गेला नाही.

भीती मलाही होतीच. पुन्हा मेल बंद पडला आणि तो माणूस पुन्हा दुसरीकडे गेला, तर या वेळी परत येईलच असं नाही. पण नुसत्या भीतीपोटी तिप्पट भाडं भरायला माझी तयारी नव्हती.

सोडायचं हे ठरलं होतं, प्रश्न होता कधी. मुदत संपायला तीन आठवडे होते. अगदी शेवटच्या दिवसाची वाट बघावी, तर काही बिघडल्यावर मागे फिरायला जागा नाही. म्हणून मधला शुक्रवार धरला. जुनी जागा मुदतीपर्यंत चालू ठेवायची, शेजारी नवी, स्वस्तातली उभी करायची, आणि तिथं सगळं नीट लागलं की मगच गाळ्याचं नाव, म्हणजे साइटचा आणि मेलचा पत्ता, तिकडे वळवायचं. मी साइटवाल्याला फोन केला.

"रविवारी करू या का, मॅडम?"

"रविवारचं नावसुद्धा काढू नका. पासवर्ड पाठवा, मी करते."

"तुम्हाला जमणार नाही. सगळे मेल उडतील."

"उडाले तर माझे उडतील. तुमचं काय जातंय?"

शुक्रवारी सकाळी पालघरच्या घरून एकटीच स्कूटरनं निघाले. एमआयडीसीत वॉचमन आणि कुत्री सोडून कुणी नव्हतं. अर्धं शटर उघडून बसले. मेल उडतील या धमकीमुळे प्रत्येक फोल्डर उघडून बघत होते, सगळं नव्या जागी पोचलंय की नाही. बघता बघता वाचायलाही लागले.

आमची दोन कोटेशनं एकाखाली एक आली. एकाच आठवड्यातली, एकाच मापाची, एकाच मालाची. पहिलं एका नव्या पार्टीला, दहा टक्के सूट देऊन. दुसरं त्या पंपवाल्याला, पूर्ण दरानं. दोन्हीखाली नाव माझं. आणखी मागे गेले. दर वेळी तेच.

मला लाज वाटली. आठवडाभर मी त्या कंपनीला शिव्या घालत होते, आणि माझ्या टेबलावरून तेच चाललं होतं.

दुपारी तीनला गाळ्याचं नाव नव्या जागी वळवलं. माझ्या फोनवरून चाचणीचा मेल टाकला. बराच वेळ काहीच नाही. मग आला. नव्या जागेवरून पहिला खरा मेल मी त्या पंपवाल्याला पाठवला. त्यात नवा दर होता, दहा टक्के कमी.

शनिवारी नवऱ्याला सांगितलं.

"त्यानं मागितलं तरी होतं काय?"

"नाही. म्हणूनच दिलं."

"धंदा असा नाय चालत."

"मग कसा चालतो? त्या कंपनीसारखा? तसा चालवायचा असेल तर टेबलावर दुसरं कुणीतरी बसवा." मी खरंच उठून उभी राहिले होते. तो मशीनकडे गेला. दिवसभर आम्ही कामापुरतंच बोललो.

रविवारी त्या पंपवाल्याचा फोन आला. मी मुद्दाम स्पीकरवर टाकला.

"मॅडम, मेल मिला. रेट कम लिखा है. गलती से गया क्या?"

"नहीं," मी म्हणाले. "गलती अब तक हो रही थी."



"अच्छा हुआ मॅडम," तो म्हणाला. "अगले महीने से हम भी दूसरा देखनेवाले थे."

नवऱ्यानं मशीन बंद केलं.