पाठमोरी पंगत

आईचं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं तेव्हा आमच्या घरात एकच प्रश्न होता, माझा धाकटा भाऊ जेवणार कसा? सव्वीस वर्षांचा गडी, पण आईच्या हातचं सोडून कुणाचं काही खात नसे. त्याला ऑटिझम आहे, असं शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो मोजकं बोलायचा, डोळ्याला डोळा भिडवत नसे, आणि कुणी अंगाला हात लावला की कान झाकून घ्यायचा.

दुष्काळाचं साल होतं. आष्टीकडच्या आमच्या गावात दूध सोसायटीने चारा छावणी काढली होती, आणि आमच्या दोन म्हशींबरोबर तोही तिथेच मुक्कामाला होता. घरी नेलं तर म्हशींसाठी कासावीस व्हायचा. म्हणून आई-वडील ऑपरेशनसाठी बीडला गेले आणि मी सासरहून छावणीत राहायला आले. सख्खी बहीण आहे, माझं ऐकेल, असं मला वाटलं होतं. कसचं काय!

पहिल्या दिवशी त्याने ताटाकडे पाहिलंही नाही. आपल्याकडे माणूस जेवत नाही म्हटलं की सगळ्यांनाच पान्हा फुटतो. छावणीतल्या एका बाईने ठेचा आणला, एकीने दूध-भाकरी कुस्करली, आणि साऱ्याजणी त्याच्यापुढे बसून घास घे बाबा, आईची शपथ, म्हणून आग्रह करू लागल्या. तो म्हशीच्या आड तोंड लपवून बसला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाण्याशिवाय त्याच्या पोटात काही नव्हतं. मी त्याच्यावर ओरडले, मग माझी मलाच लाज वाटली. आईचा फोन आला तेव्हा जेवला म्हणून खोटं सांगितलं. नाहीतर ती ऑपरेशन टाकून निघून आली असती.

सोसायटीच्या सेक्रेटरीची बहीण छावणीतच असायची. तिशीतली, डाउन सिंड्रोम असलेली. दावणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येकाच्या गळ्यात पडल्याशिवाय तिची सकाळ होत नसे. जनावरांच्या डॉक्टरलाही तिने सोडलं नव्हतं. अशी माणसं प्रेमळच असतात, असं लोक म्हणायचे. मला ते पटत नसे. भावाला शहरातल्या डॉक्टरांना दाखवायला नेलं होतं तेव्हा याच सिंड्रोमची एक मुलगी आईच्या पदराआड दडलेली मी पाहिली होती, आणि ऑटिझम असलेला एक जण बाकावरच्या प्रत्येकाला गाव विचारत फिरत होता. ही बाई अशी होती, ती तिची स्वतःची तऱ्हा. खरं सांगायचं तर मला तिची धास्तीच होती. भावाच्या गळ्यात पडली तर संपलंच.

त्या दुपारी ती आपली ताटली घेऊन आमच्याकडे आली. मी तिला हटकणारच होते. पण ती भावापासून चार हातांवर, त्याच्याकडे पाठ करून बसली. माझ्यापुढचं त्याचं वाढलेलं ताट घेतलं आणि पाठमोरी राहूनच मागे त्याच्याकडे सरकवलं. जेव म्हणाली नाही. एवढी बडबडी बाई, पण तोंडातून शब्द नाही. चवीने आपली भाकरी खात राहिली. जरा वेळाने तिच्या मागे भाकरी मोडल्याचा आवाज आला. माझा भाऊ जेवत होता. मला हुंदका आवरेना.

हे तुला कसं सुचलं, असं मी तिला संध्याकाळी विचारलं. तिने माझ्या गळ्यात हात टाकले आणि सहज सांगून टाकलं, "ताई, तुमी समदे लई बगता त्याच्याकडं."

आम्ही पोरंबाळं वाढवलेल्या बाया, आणि दोन दिवस त्याच्या तोंडाकडे बघत बसलो होतो. जिला दिसेल त्याला मिठी मारायची असते, तिने त्याच्यासाठी आपले हात आवरले होते. एवढी समज मी भल्याभल्यांत पाहिलेली नाही.

तिसऱ्या दिवशी ती आष्टीच्या बाजाराला गेली. आता मीच उरले होते. भीत भीत त्याचं ताट वाढलं, सरकवलं, पाठ फिरवली आणि जेवायला लागले. मागे बघायची इतकी ओढ लागली की मान आखडली. पण बघितलं नाही. बऱ्याच वेळाने मागून एक हात आला आणि त्याने रिकामं ताट माझ्या ताटाला टेकवून ठेवलं.

"आक्का, अजून एक."

मागे वळून न बघता मी त्याला भाकरी वाढली.