शेंदूर लागलेली खडी

ओल्या दगडाचा वास आला की धुळ्याबाहेरचा तो खडीचा डेपो आठवतो. घराच्या फाटकापासून दारापर्यंत गाडीच्या वाटेवर काय टाकायचं, ते ठरवायला मी वडिलांबरोबर गेले होते. त्यांना नदीतले गोटे आवडले. मी तेव्हा वाळूउपशाविरुद्ध पत्रकं काढायचे. “नदी ओरबाडायची नाही,” मी ठणकावलं आणि काळी खडी निवडली. रंग खुलावा म्हणून मालकाने तिच्यावर पाणी ओतलं, तर एका तुकड्यावर शेंदूर दिसला. “देवीनी टेकडी शे ताई, बठ्ठी फोडी टाकी,” म्हणत त्याने अख्खी फोडून टाकलेल्या त्या टेकडीच्या गावाचं नाव सांगितलं. माझ्या मामाचं गाव! नवरात्रात त्याच टेकडीवर आम्ही अनवाणी चढायचो. वडील म्हणाले, “आता काढ पत्रक.” टेकडी फोडण्याविरुद्ध मी ते काढलंही, पण खडी मीच निवडली होती, हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.