बंदूक उजेडात बघताना

एका मंगळवारी भर दुपारी बीडच्या बाजारातली एक अख्खी गल्ली बंद पडली, आणि ती कुठल्याही पक्षाने पुकारलेल्या बंदमुळे नव्हे. ती मी बंद पाडली. सोबत माझ्या सासूबाई होत्या, त्यामुळे निम्मं श्रेय त्यांचं.

झालं असं की आमच्या वडवणीच्या महिला मंडळाची सहल मांजरसुंब्याजवळच्या एका नव्या खेळाच्या मैदानावर गेली होती. तिथे एअरसॉफ्टच्या बंदुका भाड्याने मिळतात. दिसायला अगदी खऱ्यासारख्या, पण बॅटरीवर चालणाऱ्या. आत छोटी मोटर असते आणि घोडा दाबला की ज्वारीच्या टपोऱ्या दाण्यापेक्षा जराशा मोठ्या प्लास्टिकच्या गोळ्या सुर्रकन सुटतात. डोळ्यांवर मोठाले चष्मे लावायचे, अंगात जाड जाकीट घालायचं, दोन गट करायचे आणि टायरांमागे लपून एकमेकींवर नेम धरायचा. जिला गोळी लागली ती बाद. बस्स, एवढाच खेळ. पण मी पहिल्याच डावात आमच्या अध्यक्षीणबाईंना टिपलं! (बारा वर्षं त्या मला सभेत बोलू देत नव्हत्या. गोळी जाकिटावर लागली, पण आवाज मला फार गोड वाटला.)

त्या दिवसापासून मी जमिनीवर नव्हते. भाकरी थापता थापता मी धारूरच्या किल्ल्यावर जायची. पहाटेचं धुकं, बुरुजाआडून मी हळूच डोकं काढते आहे, खांद्याला माझी स्वतःची बंदूक, पायात बूट, आणि (स्वप्नच ते, त्यात कंजुषी कशाला?) माझं वजन पंधरा किलोंनी कमी. समोरच्या झुडपात अध्यक्षीणबाईंच्या साडीचा काठ हलतो. मी श्वास रोखते... आणि तव्यावरची भाकरी कोळसा होते.

"आजबी जळली का?" आमचे हे ताटाकडे बघत विचारायचे.

"धुकं होतं," मी म्हणायची.

यांचं वडवणीला पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. शेवटी एकदा मी धीर करून सांगून टाकलं की मला बॅटरीवरची बंदूक घ्यायची आहे. आता हा माणूस ओरडणार म्हणून मी कानांची तयारी ठेवली होती. हे शांतपणे भाकरीचा काळा भाग काढत बसले.

"मोटर किती एचपीची हाय तिच्यात?"

"तसं नसतं हो त्यात."

"मग घिऊ नको. जिची एचपी सांगत न्हाईत ती मोटर जळतीच."

पण एका गोष्टीवर मी ठाम होते. ही बंदूक मी स्वतः निवडणार! हसू नका, यामागे मोठं दुःख आहे. माझं स्थळ वडिलांनी निवडलं. लग्नाचा शालू नणंदेने निवडला. घरातला गॅस, कपाट, पडदे, पायपुसणीसुद्धा सासूबाईंच्या पसंतीची. माझ्या चष्म्याची फ्रेम यांनी निवडली, म्हणून मी प्रत्येक फोटोत घाबरलेली दिसते. चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात 'मला हे हवं' असं म्हणून मी एक वस्तू घरी आणलेली नव्हती, आणि त्याचं मला आत कुठेतरी फार वाईट वाटत होतं. तेव्हा एकटीने बीडला जायचं, एकटीने निवडायची, असं ठरवून मी सकाळी पिशवी घेऊन दारात आले. दारात आत्याबाई (म्हणजे माझ्या सासूबाई) नवी नऊवारी नेसून, पायात चपला घालून आधीच उभ्या.

"कुठं निघालात आत्याबाई?"

"तुझ्यासंगं. तुला खरेदीतलं काय कळतं?"

बीडला शकीलभाईंचं खेळाच्या साहित्याचं दुकान आहे. बॅट, कॅरम, नेट असं सगळं ठेवतात. मैदानामुळे मागणी वाढली तशी त्यांनी एका कपाटात या बंदुकाही आणल्या आहेत. माणूस अतिशय सज्जन. त्यांनी मला नीट समजावलं.

"भाभी, पहिलीच हाय ना? मग हलकी घ्या, आखूड घ्या. प्लास्टिकची बॉडी चालती. लांब आन् लोखंडी घेतली तर दुसऱ्या डावात हात दुखतेत. बॅटरी साधी, चार्जर चांगला. आन् ते टोकाला नारिंगी हाय ना, ते तसंच ठेवायचं. ती खूण हाय, खेळातली हाय म्हणून लोकांला लांबून कळतं."

किती साधं, किती शहाणपणाचं! मी मान डोलावत होते, पण मन केव्हाच किल्ल्यावर पोचलं होतं. त्यांच्या हातातल्या आखूड बंदुकीमागून मला धुकं दिसायला लागलं. तेवढ्यात आत्याबाईंनी दुकानातल्या स्टुलावर बैठक मारली आणि पदर सारखा केला. मी ओळखलं की आता काही खरं नाही, कारण कापड दुकानात गादीवर त्या अशाच बसतात.

"ह्यात दुसरा रंग दाखवा," आत्याबाई म्हणाल्या.

"मावशी, रंगाचं काय एवढं, आतला गिअरबॉक्स..."

"तुमी दाखवा तर!"

शकीलभाईंनी काळी, हिरवी आणि मातकट अशा तीन बंदुका काउंटरवर मांडल्या. आत्याबाईंनी काळी जवळ ओढली. बोटाला थुंकी लावून तिच्या अंगावर खसाखसा घासलं आणि बोट निरखून पाहिलं.

"रंग जात न्हाई ना धुतल्यावर?"

"मावशी, हिला धुयाची न्हाई!"

"मग मळखाऊ दाखवा."

नंतर मला आरशासमोर उभं करून त्यांनी एकेक बंदूक माझ्या खांद्यावर टाकून पाहिली. मातकट रंगात मी म्हणे आजारी दिसत होते. हिरवीत जाड. काळी बरी, पण जरा सुतकी. तिच्या टोकाचं नारिंगी तर त्यांना मुळीच पटलं नाही. "हे अंगाला जुळत न्हाई," म्हणून त्यांनी ते टोक मुठीत गच्च झाकलं आणि मान तिरकी करून बघितलं. मग त्या ते वाक्य बोलल्या, जे आमच्या घरातल्या प्रत्येक बाईने प्रत्येक दुकानात आजवर म्हटलेलं आहे.

"इथं ट्यूबलाइटमधी काय कळंना. चल, बाहेर उजेडात बघू."

आता खरं सांगते. साडी घेऊन दुकानाच्या पायरीवर येणं आणि बंदूक घेऊन येणं यात काही फरक असेल, हे त्या क्षणी आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नाही! शकीलभाई पलीकडे चार्जर शोधत होते. मी काळी बंदूक खांद्याला लावली, आत्याबाईंनी नारिंगी टोक मुठीत धरलं आणि आम्ही दोघी बीडच्या भर बाजारात उतरलो.

"हिकडं वळ. आता तिकडं. ऊन पडू दे तिच्यावर."

मी वळले. डावीकडे फळवाले, उजवीकडे भांड्यांचं दुकान. उन्हात बंदूक काय सुंदर चमकत होती! मी एक डोळा मिटला, आणि पुन्हा तो बुरूज, ते धुकं, तो गार वारा. कुठून तरी लांबून धडाधड आवाज येत होता. मला वाटलं, किल्ल्यावरच्या तोफा असाव्यात. मग सगळं शांत झालं. रिक्षा नाही, हॉर्न नाही, भाजीवाल्याची आरोळी नाही. बीडचा बाजार एवढा शांत मी जन्मात ऐकला नव्हता. स्वप्न पडावं तर असं, म्हणत मी किती वेळ तशीच उभी राहिले देव जाणे.

तो धडाधड आवाज शटरांचा होता.

आमच्या जिल्ह्यात हल्ली बंदुकीचा नुसता फोटो मोबाइलवर टाकला तरी पोलीस घरी येतात. मी तर सगळी बंदूकच बाजारात आणली होती. गल्लीत फक्त एक सीताफळवाला उरला होता, कारण त्याचा गाडा जड होता. आत्याबाईंनी त्यालाच गाठलं. म्हणजे त्या सरकल्या, मुठीत टोक असल्यामुळे बंदूक सरकली, आणि बंदुकीमागे मी.

"काय वो, कसा दिसतो रंग?"

तो गाड्याला बिलगून म्हणाला, "चांगला हाय मावशी, लई चांगला हाय. सीताफळं घ्या. सगळी घ्या. घरी लेकरं हायत माजी."

"बघ कसा देवमाणूस हाय," आत्याबाई मला म्हणाल्या, आणि त्यांनी खरोखरच मोकळ्या हाताने दोन सीताफळं दाबून बघितली.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची जीप थांबली. दाराआडून एक टोपी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली.

"बंदूक खाली ठेवा!" टोपी ओरडली.

"खाली कावून ठिवू?" आत्याबाई त्याहून मोठ्याने ओरडल्या. "नवी हाय, धूळ लागंल तिला!"

"मावशी, तुमी बाजूला व्हा! बाई, हात वर करा!"

मी हात वर केले. हातात बंदूक असल्यामुळे तीही वर गेली, आणि टोक न सोडलेली आत्याबाईंची मूठही. सगळ्या बंद शटरांमागून एकदम "आई गं!" असा आवाज आला. आता मात्र माझं धुकं विरलं. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा काही निवडायला आले, तर थेट तुरुंगात जायची वेळ! मला रडू फुटलं. तेवढ्यात शकीलभाई चार्जर हातात धरून अनवाणी धावत बाहेर आले.

"साहेब, खेळातली हाय! खेळातली! बॅटरीबी न्हाई तिच्यात! मावशी, मूठ सोडा हो, ते नारिंगी दिसू द्या!"

आत्याबाईंनी नाइलाजाने मूठ उघडली. हवालदारसाहेबांनी जीपमागून येऊन ते नारिंगी टोक पाहिलं, बंदूक हातात घेऊन पाहिली आणि ते दुकानाच्या पायरीवर मटकन बसले.

"पाणी आणा," ते म्हणाले. "बाई, तुमी बंदूक घिऊन रस्त्यावर काय करत हुतात?"

"रंग बघत होते साहेब."

"लोक मेले असते की घाबरून! अशी वस्तू झाकून न्यायची असती, एवढं कळत न्हाई?" त्यांनी मला चांगलं झापलं, आणि ते बरोबरच होतं. मग बंदूक पिशवीत घालून आत नेली, पाणी प्याले, आणि पिशवीत डोकावत जरा हळू आवाजात म्हणाले, "पण काळा रंग उन्हात लवकर तापतो बरं का. हिरवी बघितली का?"

झालं! शटरं वर गेली आणि गल्ली दुकानात शिरली. भांडीवाला म्हणाला काळीच घ्या, सीताफळवाला म्हणाला हिरवी. यांना कुणीतरी फोन केला होता की तुमची बायको बंदूक घेऊन रस्त्यावर उतरली आहे. तासाभराने वडवणीहून धापा टाकत आलेल्या माझ्या नवऱ्याने दारातूनच पहिला प्रश्न केला, "माझं नाव घेत हुती का?" नाही म्हटल्यावर ते सावरले आणि त्यांनी शकीलभाईंना मोटरची एचपी विचारली. प्रत्येकजण एकेक बंदूक उचलून माझ्या खांद्याला लावून बघत होता. कुणी म्हणे आखूड घ्या, कुणी म्हणे दुर्बीणवाली घ्या, आणि मी मधोमध नुसती उभी.

माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं.

"गप्प बसा सगळे!" मी किंचाळले. "मला निवडायची आहे! माझा नवरा दुसऱ्याने निवडला, माझा चष्मा दुसऱ्याने निवडला! एक वस्तू, अख्ख्या आयुष्यात एक वस्तू मला माझ्या मनाने घेऊ द्या!"

हे माझ्या चष्म्याकडे बघत ओशाळले. हवालदारसाहेबांनी टोपी काढली. आणि आत्याबाईंच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं.

"खरं हाय तिचं," त्या म्हणाल्या. "कवाच कुणी इचारलं न्हाई पोरीला. निवड बाई. तुला आवडंल ती. आज कुणी मधी बोलायचं न्हाई."

शकीलभाईंनी तिन्ही बंदुका काउंटर पुसून पुन्हा मांडल्या. काळी, हिरवी, मातकट. लोक मागे सरकले. मी पुढे झाले. काळी पाहिली. हिरवी पाहिली. मातकट पाहिली. पुन्हा काळी पाहिली. पंखा गरगरत होता, बाहेर ऊन उतरायला लागलं होतं, सगळी गल्ली श्वास रोखून माझ्या ओठांकडे बघत होती. मी पदराने डोळे पुसले, ताठ उभी राहिले, आणि आयुष्यातल्या पहिल्या स्वतंत्र निर्णयासाठी तोंड उघडलं.

"आत्याबाई, तुम्हाला कुठली आवडली?"