आधी पाय पुसायचे

आमच्या झाडीपट्टीतली माणसं कशी असतात असं कुणी विचारलं, की मी ताठ मानेने एका बाईंची गोष्ट सांगतो. मित्राच्या भाच्यासाठी मुलगी पाहायला आम्ही दोघं सिंदेवाहीजवळच्या एका गावात गेलो होतो. त्या मुलीची आई. ओळख तासाभराचीच.

आम्ही बसतो न बसतो तोच धानाच्या बांधीतून, म्हणजे भाताच्या खाचरातून, चिखलाने माखलेला कुत्रा आला. घरातला सोफा कापडी, फिकट रंगाचा. कुत्रा मात्र दारातल्या ओल्या बारदानावर आपणहून थांबला आणि त्याने एक पाय वर केला. बोलता बोलता बाईंनी त्याचे चारही पाय पुसले, अंगावरून ओला हात फिरवून सुटे केस काढले. मग तो ऐटीत सोफ्यावर चढून मित्राला खेटून बसला.

मित्र ताडकन उठला. "पाहुणे येऊन राह्यले म्हणून तरी याले बांधाचं होतं!"

बाईंनी ओला तळहात मित्राच्या जागेवरून दाबून फिरवला आणि त्याच्यासमोर धरला. तळहाताला एकही केस चिकटला नव्हता.

"बांधलं असतं तं तुमाले एका दिवसाचं घर दिसलं असतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "माही पोरगी रोजच्या घरातली हाय. बसा."

मित्र कुत्र्याशेजारी परत बसला.

परतताना गाडीत तो आपल्या काळ्या पँटवर केस शोधत होता. ब्रह्मपुरी आली, तरी सापडला नाही. मग त्याने बहिणीला फोन लावला.

"ताई, पोरगी पसंत हाय. आता ते लोक तुहं घर पाहाले येतीन. आधी सोफा साफ कर."