आत्यांचं तीनशे वर्षांनंतरचं कल्याण

माणसाचा मेंदू वापराअभावी आक्रसत चालला आहे आणि येत्या तीनशे वर्षांत तो सुपारीएवढा होऊन कवटीत खुळखुळणार आहे, ही गोष्ट या पृथ्वीतलावर फक्त एका व्यक्तीला खात्रीने ठाऊक आहे, आणि ती व्यक्ती माझ्या बायकोची आत्या आहे. डोंबिवलीच्या एका शाळेत पस्तीस वर्षं विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि कोपरला आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहायला आल्या. यजमान आधीच गेलेले, मुलगी ठाण्याला. म्हणजे रागवायला घरात कोणी नाही. मग तो सगळा राग त्यांनी मानवजातीकडे वळवला, आणि मानवजातीचा सगळ्यात जवळचा नमुना मी असल्यामुळे त्याची सुरुवात रोज सकाळी माझ्यापासून होई. "जावईबापू, हे वाचा!" असं म्हणत त्या वर्तमानपत्र घेऊन जिना चढून येत. वाचायचं मी, आणि संतापायचं त्यांनी, अशी आमची वाटणी होती. मी पुरेसा संतापलो नाही तर त्यांना तोही पुरावा वाटे.

त्यांचा संताप पोकळ नसे. त्या जागेवर जाऊन चौकशी करत. स्टेशनजवळ कोणी तरी उजेडाच्या अक्षरांत 'आय लव्ह' असं लिहून पुढे बदामाचं चित्र आणि गावाचं नाव लावलं, आणि त्या अक्षरांच्या बरोबर मागे आठवड्याचा कचरा साचला. आत्या संध्याकाळी तिथे पिशवी घेऊन उभ्या राहिल्या आणि फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागल्या, "या गावातलं नेमकं काय आवडतं तुला?" बहुतेक जण हसून निघून गेले. एका मुलीने मात्र प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाली, "लाईट." आत्या घरी आल्या तेव्हा त्यांचा रक्तदाब मोजावा लागला. दुसऱ्यांदा रक्तदाब वाढला तो स्टेशनरीच्या दुकानात. तिथे शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी तयार ज्वालामुखी विकायला ठेवलेले होते, खोक्यात भरून, वर नाव लिहायला जागा सोडलेली. आत्यांनी दुकानात उभ्या असलेल्या चार आयांना विचारलं की हा का फुटतो. एकीने सांगितलं, "अहो, याची गॅरंटी आहे, फुटतोच." आत्यांनी तिथल्या तिथे बाकी तिघींना पृथ्वीच्या पोटातल्या शिलारसावर धडा दिला आणि दुकानदाराला सांगितलं, पुढच्या वर्षी निदान माझा तरी आवाज भरून विका यात.

पण आत्यांनी पुढे जे नाटक लिहिलं त्याचा उगम माझ्यापासून झाला, हे मान्य करायला हवं. एका सकाळी त्यांनी सहज विचारलं, "काल झोप लागली का?" आणि मी म्हणालो, "थांबा, बघतो," आणि मनगट वर करून झोप मोजणाऱ्या घड्याळात पाहिलं. एरवी त्या बोलून मोकळ्या होत, त्या दिवशी तडक खाली गेल्या, जुन्या हजेरीपटाची कोरी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं : प्रवेश पहिला, तीनशे वर्षांनंतरचं कल्याण. नागरिक झोपेतून उठतो आणि आपण झोपलो होतो का, हे गळ्यातल्या यंत्राला विचारतो. तो नागरिक पुढे चाळीस पानं बावळटपणा करत होता आणि त्याच्या प्रत्येक बोलण्यात माझ्या बायकोला माझा सूर ऐकू येत होता.

नाटक भन्नाट होतं, हे मी नात्यापलीकडे जाऊन सांगतो. त्या कल्याणात भूक लागली की नाही ते यंत्र सांगे. महापौर निवडताना जो सर्वांत जास्त वेळ हसू शकेल त्याला निवडत. शहाडच्या पुलाखालून उल्हास नदी वाहत असे आणि लोक तिच्याकडे पाठ करून, रांग लावून, पडद्यावर नदीचं चित्र बघत. आणि साऱ्या शहरात एकच म्हातारी अशी उरली होती जिला पाढे येत. तिला काचेच्या कपाटात ठेवलं होतं. रविवारी ती एकोणतिसाचा पाढा म्हणे आणि लोक गहिवरून रडत, का ते त्यांना कळत नसे. ही भूमिका आत्यांनी अर्थातच स्वतःकडे ठेवली.

सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती, समारंभ ठरला होता. सेक्रेटरींनी वही न उघडता वजन केल्यासारखी हातात धरली आणि म्हणाले, "मॅडम, कन्सेप्ट एकदम मस्त. फक्त पंधरा मिनिटांत बसवा, नंतर ऑर्केस्ट्रा आहे." आत्या म्हणाल्या, "माणूस बावळट व्हायला तीनशे वर्षं लागली आहेत, ती मी पंधरा मिनिटांत कशी दाखवू?" सेक्रेटरी म्हणाले, "थोडं फास्ट दाखवा." शेवटी पंचवीस मिनिटांवर तडजोड झाली आणि रोज संध्याकाळी गच्चीवर तालमी सुरू झाल्या.

महापौराचं काम दादूस करणार होते. दादूस म्हणजे आमची बिल्डिंग ज्यांच्या वडिलांच्या शेतावर उभी आहे ते गृहस्थ. सगळे त्यांना दादूसच म्हणतात. बिल्डिंगमध्ये त्यांचे तीन फ्लॅट, गळ्यात जाड साखळी, आवाज खणखणीत. इतकं असून रोज पहाटे पाण्याचा पंप ते स्वतः सुरू करत, कारण त्या कामात त्यांचा दुसऱ्या कोणावर विश्वास नव्हता. आत्यांचा दादूसवर राग होता, कारण ते संहिता हातात धरतच नसत. चौथीनंतर पुस्तक हातात घेतलं नाही असं ते स्वतःच सांगत. तालमीला खुर्चीवर मागे रेलून बसायचे, आणि वेळ आली की उठून वाक्य म्हणायचे. "नशीब, माझ्या महापौराला अभिनय करावा लागत नाहीये," असं आत्या मला पुटपुटल्या. त्या जरा मोठ्यानेच पुटपुटतात.

आठव्या दिवशी तालीम थांबवून दादूस उभे राहिले. "बाय, एक इचारू?"

"विचारा."

"या मानसांना आपली भूक लागली का नाय ते पन कलत नाय. बरोबर?"

"बरोबर."

"मंग यांचे नलाला पानी कोन सोरतं?"

आत्या म्हणाल्या, हे रूपक आहे. दादूस म्हणाले, ते ठीक हाय, पन पानी कोन सोरतं? दिवे लागतात, गाड्या चालतात, कपाटाची काच पुसलेली असते. सगळेच येडे झाले तर हे करतं कोन? आत्या म्हणाल्या, प्रेक्षक एवढा विचार करत नाहीत. हे वाक्य आपल्याच तोंडून निघालं, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी वही मिटली, तालीम रद्द केली आणि तीन दिवस दार उघडलं नाही. बायको जेवणाचा डबा घेऊन गेली तर आतून आवाज आला, "ठेव बाहेर. मी बावळट आहे, मला भूक लागली की नाही कळत नाही."

चौथ्या दिवशी मी पहाटे दूध आणायला खाली उतरलो तर पंपाच्या खोलीपाशी आत्या उभ्या. दादूस लुंगीवर, पाईपला कान लावून. मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. थोड्या वेळाने म्हणाले, "आता अर्धी भरली." पाण्याच्या आवाजावरून त्यांना वरची टाकी किती भरली ते कळे. त्यांचे वडील मिठागरावर काम करत, तेही खाडीच्या वासावरून भरती कधी येणार ते सांगत, असं त्यांनी सांगितलं. आत्यांनी पदर खोचला, चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि पाईपला कान लावला. किती तरी वेळ तशाच उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "आवाज बारीक होत चाललाय." दादूस म्हणाले, "मंग? भरत आली ना." पाण्याच्या वर हवेची जागा कमी होते आणि सूर चढतो, हे आत्यांनी मुलांना पस्तीस वर्षं बाटलीत पाणी ओतून शिकवलं होतं. बिल्डिंगच्या पाईपला कान मात्र त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा लावला. जिना चढताना मला म्हणाल्या, "राग आलाय मला." मी विचारलं, कोणाचा? त्यांनी माझ्या हातातला चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला आणि थेट वही उघडायला गेल्या. राग कोणाचा ते न सांगता त्या पूर्वी कधी गेल्या नव्हत्या.

नाटकात नवं पात्र आलं. सगळ्या शहराचं पाणी सोडणारा एक माणूस, ज्याच्याकडे कोणी बघत नाही. ही भूमिका दादूसना देऊ केली तर त्यांनी साफ नाही म्हटलं. "मना महापौरच पायजे. शेरवानी शिवलीय." त्यामुळे ती माझ्या वाट्याला आली. संवाद एकही नव्हता, फक्त पाईपला कान लावून उभं राहायचं. एवढं तुम्हाला जमेल, असं आत्या म्हणाल्या आणि त्यात त्यांनी कौतुक केलं की अपमान, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

समारंभाच्या दिवशी अंगण भरलं होतं. आत्यांसाठी कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडून एक जुनं काचेचं कपाट उसनं आणलं होतं आणि त्याला पेढ्यांचा वास येत होता. लोक पहिल्या वाक्यापासून हसत होते. पण प्रत्येक जण शेजारच्याकडे बोट दाखवून हसत होता आणि आत्या काचेआडून ते बघून लाल होत होत्या. पाठीमागे सेक्रेटरी घड्याळ बघत होते. शब्द पंचवीस मिनिटांचा दिला होता, आणि अठराव्या मिनिटाला, आत्यांचा पाढा सुरू होत असताना, या माणसाने ऑर्केस्ट्राला खूण केली. मला आजही ते आठवलं की हात शिवशिवतात. दोन माणसं ढोल घेऊन थेट रंगमंचावर चढली आणि ठोकून बघू लागली. समोर सत्तरी ओलांडलेली बाई कपाटात उभी राहून पाढा म्हणते आहे, आणि हे ढोलाची दोरी ओढतायत! आत्या थांबल्या नाहीत. त्यांनी आवाज चढवला. एकोणतीस चोक, एकोणतीस पाचे. ढोल वाजला. एकोणतीस सक. पुन्हा ढोल. आणि एकोणतीस साते म्हणून त्या अडल्या.

विसरल्या. काचेआड त्यांचा चेहरा मला दिसत होता. इतकी वर्षं मी त्यांना रागावलेलं पाहिलं होतं, घाबरलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पहिल्या रांगेत कोणी तरी फोन काढून गुणाकार करू लागलं.

"दोनशे तीन," महापौर म्हणाले. अगदी हळू, ओठ न हलवता. मग शेरवानी सावरत ढोलवाल्यांकडे वळले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "ए, बंद कर ते. बाय बोलतात ना!" ढोल थांबला. सेक्रेटरी खाली बसले. आत्यांनी पाढा पूर्ण केला, दोनशे नव्वदपर्यंत. तेव्हा मला उमगलं की महिनाभर खुर्चीत रेलून दादूसनी नुसतं ऐकून सगळं नाटक पाठ केलं होतं, आत्यांचा पाढासुद्धा.

टाळ्या पडल्या. आत्या मात्र आठवडाभर धुमसत होत्या. सेक्रेटरींना त्यांनी चार पानी पत्र लिहिलं आणि एक प्रत मला वाचायला लावली. दादूसच्या घरी जाऊन तिळाच्या वड्या देऊन आल्या. काय बोलणं झालं ते दोघांनीही सांगितलं नाही, पण त्यानंतर जिन्यात भेटले की आत्या त्यांना "या महापौर" म्हणत आणि दादूस मान तुकवत.

पुढच्या वर्षी त्यांचे गुडघे फारच दुखायला लागले आणि मुलगी त्यांना ठाण्याला घेऊन गेली. घोडबंदर रोडला तेविसाव्या मजल्यावर. मागच्या महिन्यात मी भेटायला गेलो. खिडकीतून लांब खाडी दिसते, मधे अशाच इमारती. मी मुद्दाम दोन-तीन संतापजनक गोष्टी गोळा करून नेल्या होत्या, बायकोने एक कात्रणही दिलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं आणि मंद हसल्या. मला ते हसू आवडलं नाही. विचारलं, "नवीन काही लिहीत नाही का?" म्हणाल्या, "कोणावर लिहू? मजल्यावर चार दारं आहेत, चारही बंद. रागवायला माणसं ओळखीची लागतात हो."

निघताना त्या काठी टेकत लिफ्टपर्यंत आल्या. मी आत शिरलो तेव्हा एकदम काही आठवल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. काठी वर उचलून म्हणाल्या, "आणि जावईबापू, त्या तुमच्या सेक्रेटरीला सांगा की—" तेवढ्यात दार मिटलं. आवाज मात्र तोच होता, अगदी जिना चढून येतानाचा. तेवीस मजले मी ते अर्धं वाक्य घेऊन खाली आलो. फोन करून विचारता आलं असतं. बायको रोज म्हणते, विचारा. मी विचारलेलं नाही. असू दे ते त्यांच्याकडेच. पुढच्या वेळी गेलो की, दार उघडल्या उघडल्या, मला ते पूर्ण ऐकायचं आहे.