सरळ काटा

पोटाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये माझं पाऊण पोट काढलं. उरलेल्यात एका वेळी वाटीभर पेज मावायची. महाडच्या डेपोत मी तीस वर्षं एसटीच्या वेळा पाळल्या. आता बायको माझ्या पाळू लागली, दर दोन तासांनी एक वाटी. मी वाटी सारायचो, ती परत पुढे करायची. मी जात्याच तापट. आजारपणाने त्यात काही फरक पडला नाही.

डॉक्टरांनी बजावलं होतं, वजन पंचेचाळीसच्या खाली गेलं तर किमो थांबवावी लागेल. एकट्या बायकोला माझं करणं झेपेना, म्हणून आम्ही कापड्याला धाकट्या भावाकडे जाऊन राहिलो. त्याची भातगिरणी आहे. दर सोमवारी तो मला पोत्यांच्या काट्यावर उभा करायचा. त्याचा काटा सरळ म्हणून गावोगाव नाव आहे. वजन होताना तो गिऱ्हाइकालाही चार हात लांब ठेवतो, कोणाचा पाय काट्याला लागायला नको. माझ्या वेळी मात्र तो स्वतः माझ्या पाठीशी उभा राहायचा. मला वाटायचं, माझा तोल जाईल म्हणून.

"दादा, शेहेचाळीस. वाढतंय," तो म्हणायचा. मग दुपारची वाटी मी कुरकुर न करता संपवायचो.

तपासणीसाठी भावाबरोबर वीर स्टेशनवरून गाडीने मुंबईला गेलो. हॉस्पिटलच्या काट्यावर चव्वेचाळीस भरलो. मी डॉक्टरांना सांगितलं, तुमचा काटा बिघडलाय, हवा तर आमच्या गिरणीवरचा पाठवतो. भाऊ भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. ते मागच्या वर्षीचं होतं. डॉक्टरांनी आठ दिवसांची मुदत दिली.

बाहेर आल्यावर त्याने कबूल केलं. "पायाचा अंगठा ठेवायचो मी काट्यावर. तू काय खातच नाय. आकडा वाढला की दोन घास जातात तुला. मग काय करू?"

वीर येईपर्यंत मी त्याच्याकडे पाठ करून बसलो. राग होता, पण भीती जास्त होती. आपण मरू शकतो, हे मला ऑपरेशनच्या वेळीही वाटलं नव्हतं, ते त्या गाडीत वाटलं.

आठ दिवस प्रत्येक वाटी चाटूनपुसून संपवली. मुंबईला जायच्या आदल्या दिवशी काट्यावर चढलो आणि भावाला दारात, कोंड्याच्या पोत्यांपाशी उभं केलं. जवळ फक्त बायको.

"किती?" त्याने तिथूनच विचारलं. चेहरा असा, की किमो त्याचीच थांबणार होती.

काट्यावर चव्वेचाळीस किलो आठशे होते.

"पंचेचाळीस दोनशे," मी म्हणालो.

तो पोत्यावर बसला आणि रडायला लागला. बायकोला आकडा दिसत होता. घरी आल्यावर तिने एकाऐवजी दोन वाट्या पेज पुढे ठेवली. दुसरी कशी मावली, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या काट्यावर पंचेचाळीस शंभर भरलो. किमो पुरी झाली. त्याला चार वर्षं झाली.

भाऊ अजून येईल त्याला सांगतो, मुंबईचा काटा आपल्यापेक्षा शंभर ग्रॅम कमी दाखवतो. मी हो म्हणतो.