बिबट्या हाकायचं गाणं

रूथमावशीला चर्चमध्ये गायला मनाई नव्हती. पण पाळकसाहेबांनी "जरा हळू, रूथबाई" असं इतक्यांदा म्हटलं होतं की ती आपणहूनच दाराशी बसायची आणि उपासना चालू असताना सगळ्यांच्या चपला जोडीनं लावायची. गळा असा, की ऐकणाऱ्यानं देवाचा धावा करावा. त्यातून पूर्ण पाठ गाणं एकच, तेही नाताळचं. त्यामुळे उमापूरजवळच्या आमच्या वस्तीत येशूचा जन्म बारमाही व्हायचा.

ती माझी शेजारीण. दिवसभर लोकांचा कापूस वेचायची. आमच्या चर्चच्या बायका पीठ मळण्याआधी एक मूठ देवासाठी बाजूला काढतात. ते गोळा करून गरजवंताला पोचवायचं काम मावशीकडे होतं. त्यातूनच ती रोज संध्याकाळी ठकूबाईसाठी भाकरी थापायची. ठकूबाई म्हातारी धनगरीण, उसापलीकडच्या खोपीत राहणारी. तिचं कंबरडं मोडलेलं आणि मुलगा मेंढरं घेऊन लांब गेलेला. सुरुवातीला तिनं मावशीच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही.

"न्हाई तर न्हाई," मावशी म्हणाली. "भाकर ठिवून यायची. भूक काय जात इचारती व्हय?"

त्या हिवाळ्यात बिबट्या आला. आधी कुत्री नाहीशी झाली, मग शेजारच्या गावातली एक बाई गेली. दिवस कलला की दारांना कड्या लागायच्या. मी तर मुलखाची भित्री. भांडं पडलं तरी छातीत धस्स व्हायचं. नेमकी त्याच वेळेला मावशी फडक्यात भाकरी बांधून निघायची.

"मावशी, दिवसा जात जा की!"

"दिसा रोजगार कोन करील? अन् म्हातारीला दात न्हाईत. उनउनीत आसंल तरच खाती."

"भीती वाटत नाही तुला?"

"लई वाटती." तिनं फडक्याची गाठ पुन्हा आवळली. "पन मी भ्याले म्हून तिचं पोट भरतंय का?"

आवाजानं बिबट्या दूर राहतो म्हणतात, म्हणून ती वाटभर ते नाताळचं गाणं म्हणायची. आम्ही दारं लावून ऐकत बसायचो. गाणं ऐकू येतंय तोवर मावशी आहे, एवढंच आम्हाला कळायचं.

एके संध्याकाळी गाणं अर्ध्या कडव्यातच तुटलं. माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. कुठेच काही वाजेना. आणि मग उसापलीकडून एक चिरका आवाज आला, त्याबरोबर थाळी बडवल्याचाही. ठकूबाई! तेच गाणं, शब्द मात्र तिचे वेडेवाकडे. जरा वेळानं मावशीचा आवाज त्यात मिसळला, तेव्हा कुठे मी करपलेली भाकरी उलटली.

परत आल्यावर ती दोन तांबे पाणी प्याली. "ऊस हालला, अन् डोळे दिसले गं. माजी वाचाच बसली. तेवढ्यात म्हातारी आरडाय लागली. तिला वाटतं, ते बिबट्या हाकायचं गानं हाय!" सांगताना ती हसत होती.

"मग सांगितलं नाहीस, येशूचं आहे म्हणून?"

"ज्याचं हाय त्याला ठावं हाय की."

रविवारी पाळकसाहेबांनी तिचं भर सभेत कौतुक केलं, तर ती चपलांमध्ये आणखीच आक्रसली. "पीठ समद्यांचं," ती पुटपुटली, "पाय तेवढे माजे."

शेवटी तिला नेलं ते बिबट्यानं नाही, तापानं. अंबाजोगाईच्या दवाखान्यात तिनं मला एकच विचारलं, "म्हातारीची भाकर?" दुपारी कुणीतरी मोटारसायकलवरून डबा देऊन येत होतं, तेच मी सांगितलं. मातीच्या दिवशी मात्र सगळेच कबरस्तानात होते. संध्याकाळी घरी आले आणि आठवलं, आज ठकूबाई उपाशी आहे. मावशी गेल्याचंही तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

बिबट्या अजून धरला गेला नव्हता. भाकरी बांधताना फडक्याची गाठ मला धड मारता येईना. वाटेवर दोन्ही बाजूंना ऊस सळसळत होता. मावशीचं गाणं मी कसंबसं सुरू केलं. माझं मलाच ते नीट ऐकू येत नव्हतं.

पलीकडून थाळी वाजली.

"रूथे," अंधारातून म्हातारी ओरडली, "आज आवाज कावून बारीक झाला गं? मोठ्यानं म्हन!"

मी मोठ्यानं म्हटलं.